नऊ नंबरच्या ताईंकडे वळवलेले फोन

मी एक जुनी, फोन वळवणारी पेटी आहे. समोर हिरव्या दिव्यांची एक ओळ आणि मागे तारांचा गुंता, एवढेच माझे रूप. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. पण एखाद्या ऑफिसला फोन केल्यावर 'कृपया थांबा' असे ऐकले असेल ना? ते ऐकवणारे माझेच भाऊबंद.

कारखान्यात मी तयार झाले आणि तिथून थेट एका ऑफिसात आले. हे ऑफिस आजारी माणसांच्या घरी ऑक्सिजनची मशीन भाड्याने देत असे. स्टोअररूममध्ये, सिलिंडरांच्या वरच्या फळीवर मला बसवले. इंटरनेटवरून येणारा प्रत्येक फोन आधी माझ्याकडे यायचा. नंबर पाहून मी पेशंटचे घर ओळखायचे, त्याला रांगेत पुढे घ्यायचे, मशीन बिघडले असेल तर मेकॅनिककडे आणि नवे हवे असेल तर साहेबांकडे पाठवायचे. "माणसापेक्षा हुशार आहे हो आमची पेटी," असे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी फुगून जायचे. पण खरे सांगू? हुशारी कसली डोंबलाची! मी निव्वळ सांगकामी. सांगितले तेवढे करायचे, बाकी गप्प बसायचे.

ऑफिसातला नऊ नंबरचा फोन ताईंच्या टेबलावर होता. मी येण्याआधी सगळे फोन त्याच घेत. मला पाहताच त्या म्हणाल्या, "आली का ही माझी सवत?" आणि स्वतःच खळखळून हसल्या. त्यांचे काम मात्र गेले नाही. जो फोन कुठे पाठवावा हे मला कळत नसे, तो मी त्यांच्याकडे पाठवी. त्यांना सगळी घरे माहीत होती. एका घरी एक मुलगी आपल्या वडिलांना, अप्पांना, एकटी सांभाळत होती. ताई तिला आधी विचारत, "तू जेवलीस का गं?" आणि मग मशीनची चौकशी करत.

अशा माणसाच्या गळ्यात सगळेच घोंगडे टाकतात. स्टोअरकीपर चहाला निघाला की एक बटण दाबून आपला फोन नऊवर वळवायचा. मेकॅनिकचे तेच, साहेबांचेही तेच. "ताई आहेत की!" असे म्हटले की झाले. ताई कुरकुरत, "मला काय दहा कान आहेत का रे?" आणि तरी फोन घेत. शेवटी साहेबांनी थांबायला सांगणारा निरोपही त्यांच्याच आवाजात भरून घेतला. "ताई बोलतेय हं. फोन ठेवू नका. आम्ही आहोत." लोकांना तो आवाज फार आवडला.

मग ताई निवृत्त झाल्या. त्या दुपारी वरच्या मजल्यावर निरोपाचा कार्यक्रम होता. वर जाताना प्रत्येकाने नेहमीप्रमाणे आपला फोन वळवला. कुठे? नऊवरच. बसायला खुर्च्या कमी पडल्या म्हणून मेकॅनिक ताईंची खुर्चीसुद्धा वर घेऊन गेला. रिकामे टेबल मला दिसत नव्हते, आणि दिसले असते तरी मला कोणी विचारणार नव्हते.

परदेशातला ताईंचा मुलगा आईचे कौतुक ऐकायला फोनवर होता. हॉलमधला फोन माझ्यातूनच जोडलेला, त्यामुळे वरचे भाषण मला शब्दन् शब्द ऐकू येत होते. तेवढ्यात अप्पांच्या घरून फोन आला. मी तो सगळ्यांच्या पुढे घेतला. मेकॅनिककडे पाठवला, तो नऊवर गेला. नऊवर कोणी उचलला नाही, म्हणून स्टोअरकीपरकडे पाठवला, तोही नऊवर गेला. साहेबांकडे पाठवला, तरी फिरून फिरून भोपळे चौकात. मधल्या वेळात मी अप्पांच्या मुलीला ताईंचा तो निरोप ऐकवला.

"ताई!" मुलीचा जीव भांड्यात पडला. "ताई, लाइट गेलीय, मशीन बंद पडलंय. नवा सिलिंडर लावलाय मी, पण त्याची चावी फिरत नाहीये. कुठल्या बाजूला फिरवू?"

"फोन ठेवू नका. आम्ही आहोत," मी ताईंच्या आवाजात म्हणाले.

"नाही ठेवत. पण सांगा ना!"

वर हॉलमध्ये स्टोअरकीपर म्हणाला, "खाली फोन वाजतोय वाटतं."

"वाजू दे. ताई बघतील," साहेब बोलून गेले आणि सगळा हॉल हसला. ताईही हसल्या, पण उठल्या. "अहो, खरंच वाजतोय. मी आलेच बघून."

"आज नाही हं ताई. आज तुम्ही आमच्या पाहुण्या," म्हणत साहेबांनी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवले.

खाली मी घंटा वाजवत राहिले. घंटा वाजवण्यापलीकडे मला काही येत नव्हते. मुलगी म्हणत होती, "ताई, तुम्ही म्हणालात म्हणून मी थांबलेय. अप्पांचे ओठ निळे पडलेत हो." मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. नंतर ती फक्त अप्पांना हाका मारत होती. वर टाळ्या वाजत होत्या.

दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. स्टोअरकीपरने घेतला.

"मशीन घेऊन जा. आता लागत नाही."

"काही तक्रार होती का मशीनची?"

"नाही," ती म्हणाली. "ताईंना एक विचाराल का? त्या फोनवर होत्या, मग बोलल्या का नाहीत?"

स्टोअरकीपरने मशीन परत आणायची तारीख लिहून घेतली. ताईंना तिचा प्रश्न कोणीच कळवला नाही. साहेबांनी चौकशी केली आणि निकाल दिला, की पेटीने घोळ घातला. सगळ्यांनी एकमेकांच्या नजरेला नजर न देता माना डोलावल्या. आज माझ्या शेजारी एक नवीकोरी पेटी येऊन बसली आहे. ती बसवणारा मघाशी विचारत होता, "साहेब, हे सगळे फोन नऊ नंबरवर का वळवलेत?"

"असू दे. घडी बसलेली आहे, मोडू नकोस. आहे तसंच उतरव. आणि तो आवाजही घे, छान आहे."

ताईंच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवला आहे.

मित्रांनो, मला भंगारात घालणार याचे मला दुःख नाही. माझी एकच विनंती आहे. तुमच्याकडे येणारी हाक दुसऱ्याकडे सोपवून उठाल, तेव्हा तिथे माणूस बसला आहे का, हे आधी वळून बघा. 'आम्ही आहोत' असे कोणाला सांगाल, तर तिथे असा. हे मी साहेबांना सांगितले असते, पण माझ्या तोंडात एकच निरोप भरलेला आहे.

संध्याकाळी माझी तार काढतील. नव्या पेटीवर पहिला फोन कोणाच्या घरून येईल, मला माहीत नाही. तो कुठे जाईल, ते माहीत आहे.