सत्तेचाळीस नंबर

जानकीनं पहिला आकडा स्वतःचाच टाकला. सत्तेचाळीस. रकाने बरोबर दिलेत ना ते पाहिलं, एंटर दाबलं, आणि पडद्याकडं न बघताच बाजूच्या कोऱ्या कागदावर ‘१’ लिहून पुढं आपलं नाव लिहायला घेतलं.

नाव अर्धं लिहून झाल्यावर तिनं वर पाहिलं. चौकटीत शून्य नव्हतं. पाचशे चौदा होते.

तिनं चौकट पुसली, फॉर्म्युला पुन्हा टाकला. पाचशे चौदा.

मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात शनिवारची दुपार होती. वर्षभराच्या वजनाच्या पावत्या कसालच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या दोन मुलींनी महिनाभर बसून संगणकात भरल्या होत्या. तारीख, पावती, सभासदाचा नंबर, मासळी, किलो. आता प्रत्येक नंबरची वेगळी बेरीज काढायची होती. एरवी बर्फाची कुपनं फाडणाऱ्या जानकीला हे काम सचिव नितेशनं विश्वासानं दिलं होतं.

“पाचशे किलोच्या खाली जो नंबर येईल तो यादीत घ्या, जानकीताई,” त्यानं सांगितलं होतं. “माणूस कोण ते बघू नका. सोमवारी वर्ष संपतं, सातला काटा बंद झाला की मला यादी हवी.”

नियम नवा होता. वर्षात पाचशे किलो मासळी काट्यावर न आणणारा सभासद यादीतून जाणार, आणि त्याच्याबरोबर किनाऱ्यावरची त्याच्या होडीची जागाही. सत्तेचाळीस नंबर पूर्वी जानकीच्या नवऱ्याचा, बाळाचा होता. दोन वर्षांपूर्वी तो छातीत दुखून गेला, आणि नंबर वारसानं तिच्या नावावर आला. होडी तेव्हापासून झावळ्यांखाली उपडी होती. ती पाण्यात गेली नाही हे गावाला माहीत होतं. म्हणून जानकीनं स्वतःपासून सुरुवात केली होती.

ती उठली. कपाटातून पावत्यांचे गठ्ठे काढले आणि सत्तेचाळीस नंबरच्या तेवढ्या बाजूला करत गेली. चाळीसेक निघाल्या. बांगडे अकरा किलो. पेडवे चौदा. दोडी सहा. सगळ्यांवर काटेवाल्या सत्यवानाचं अक्षर. खाली आणणाऱ्याची सही, ती मात्र दर पावतीवर वेगळी. लिलावाचे पैसे रोख मिळत, पावती फक्त वजनाची असे. तिच्यावर नंबर कुठला पडला ते कुणी तपासत नसे.

दोन पावत्यांवर सहीच नव्हती. एक उभी रेघ आणि तिला खाली दोन बाजूंना वर वळलेले बाक. नांगर. असा नांगर गावात एकटा परशुराम काढी.

तिनं पावत्या होत्या तशा लावून ठेवल्या, हात धुतले आणि उरलेल्या एकसष्ट नंबरांच्या बेरजा काढायला बसली. संध्याकाळपर्यंत सगळ्या झाल्या. पाचशेच्या खाली एकच नंबर आला. बावीस. चारशे एक्याऐंशी किलो. सभासद परशुराम.

रविवारी देवळातून परतताना ती त्याच्या अंगणात थांबली. म्हातारा जाळं शिवत बसला होता.

“काकानू, तुमची बेरीज चारशे एक्याऐंशी झाली.”

“किती व्हयी?”

“पाचशे.”

“मगे थोडीच ऱ्हवली.” त्यानं मान वर केली नाही.

“तुमची चोवीस किलो माझ्या नंबरार पडलीत. एकदा अकरा, एकदा तेरा.”

“सत्यवानाचा काम ता. तेका डोळ्यांनी दिसणा नाय.”

“नांगर पण सत्यवानच काढता?”

परशुराम हसला. सुई जाळ्यात खोवून ठेवली.

“शाळेत गेलस थंयच वाया गेलस गो तू. घरात सुतक आसला, माणूस पडान आसला, तर किनाऱ्यार तेच्या नावान टोपली पडता. माझो पाय मोडललो तेवा बाळान अख्खो हंगाम माझ्या नावार टोपली घातल्यान. ता खंयच्या कागदार आसा?”

“ता तेवाचा. ह्या यंदाचा.”

“म्हणजे दिलेला परत घेव? सून माका जेवूक घालूची नाय.”

“परत कित्या? नंबर चुकलो, तो सुदारतंय.”

“बाकीच्यांनी घातली ती?”

“तेंका कमी पडणा नाय.”

परशुरामनं बोटांवर काहीतरी मोजलं. हिशेबात तो कच्चा नव्हता.

“मगे तुझी किती ऱ्हवतली?”

“चारशे नव्वद.”

“आणि होडयेची जागा?”

जानकीनं फुलांची परडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. समोर समुद्र दिसत होता, भरतीचा.

“परवा आवस,” ती म्हणाली. “उद्या पाणी लांब जातला.”

“उद्या सोमवार.”

ती घराकडं वळली.

लग्नाआधीपासून सोमवारी ती मासळीला हात लावत नसे. खाणं तर सोडाच, पण मासळीची टोपलीही त्या दिवशी तिच्या घराचा उंबरा ओलांडत नसे. बाळा असताना तो सोमवारी मासे बाहेरच साफ करून शेजारी देई. व्रत मोडतं ते खाल्ल्यानं की शिवल्यानं, हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारण्याची वेळच आली नव्हती.

सोमवारी सकाळी तिनं नेहमीसारखी आंघोळ केली, महादेवाला पाणी घातलं. कार्यालयात जाऊन त्या दोन पावत्यांवर लाल शाईनं नंबर दुरुस्त केला आणि शेजारी आपली सही केली. मग संगणकातल्या दोन ओळींत सत्तेचाळीस पुसून बावीस टाकले. खालच्या बेरजा आपोआप बदलल्या. पाचशे पाच. चारशे नव्वद.

तीन वाजता तिनं नितेशकडं सुटी मागितली.

“अहो, यादी?”

“काटा सातला बंद होतो ना? सातला देते.”

खाडीच्या मुखाशी पाणी खरोखरच लांब गेलं होतं. एरवी कमरेएवढ्या पाण्याखाली असणारी वाळू उघडी पडली होती. जानकीनं लुगडं वर खोचलं. वाळूला हात लावण्याआधी क्षणभर दोन्ही हात जोडले आणि वाकली. तिसऱ्यांचे शिंपले वाळूत बोटभर खाली होते. बोटांना आधी खरखर लागे, मग कवच. लहानपणी आईबरोबर ती इथंच यायची. हात विसरले नव्हते, कंबर मात्र विसरली होती. दोन बायका दूर वेचत होत्या. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, आजचा वार आठवला असावा, आणि पुन्हा खाली पाहू लागल्या.

पाणी परत घोट्यांशी आलं तेव्हा सूर्य खाली उतरला होता.

काट्याजवळ आता गर्दी नव्हती. सत्यवान वही मिटायच्या बेतात होता. जानकीनं टोपली खाली ठेवली. सत्यवान ती उचलून काट्याला अडकवू लागला.

“पाणी गळांदे आधी,” जानकी म्हणाली.

“वयनी, सात वाजतत.”

“वाजांदेत.”

त्यानं टोपली तिरकी धरली. पाणी वाळूत जिरलं. मग त्यानं ती काट्यावर टांगली. काटा बाराजवळ जाऊन हलत राहिला.

“बारा,” सत्यवान म्हणाला.

त्याचं एक बोट टोपलीच्या काठावर होतं. सवयीनं असेल.

“बोट काढ रे.”

सत्यवाननं तिच्याकडं पाहिलं. मग बोट काढलं. काटा मागं सरला, दहाशी आला, दहाच्या पुढं दोन बारीक रेघांवर थांबला. टोपलीचं वजन किती धरायचं ते दोघांनाही माहीत होतं. तरी सत्यवाननं तशीच एक रिकामी टोपली दुसऱ्या काट्याला अडकवली आणि तिचं वजन मोठ्यानं वाचलं.

“पाव किलो, वयनी.”

“मगे किती झाली?”

“धा किलोक पन्नास ग्राम कमी.”

जानकी खाली वाकली. पदराच्या टोकाला मारलेली गाठ सोडली. आत मूठभर तिसऱ्या होत्या, टोपली भरून गेल्यावर वेचलेल्या. त्या तिनं एकेक करून टोपलीत टाकल्या. सत्यवान काट्याकडं बघत राहिला; काटा आणखी एक रेघ पुढं गेला. हात त्यानं मागं बांधले होते.

मग त्यानं वही उघडली. गेली दोन वर्षं जानकीचा नंबर त्यानं कुणालाही न विचारता लिहिला होता. आज त्यानं विचारलं.

“कोणाचो नंबर घालू?”

“सत्तेचाळीस,” जानकी म्हणाली, आणि ओले हात पुसून सहीसाठी पेन मागितलं.