आवणीची ओळ

पंचवटी मागे टाकून पेठ रोडला लागलं की डाव्या हाताला एक कॉलेज लागतं. तिथल्या स्नेहल मॅडमचा पहिल्या वर्षाचा वनस्पतीशास्त्राचा वर्ग म्हणजे साठ मुलं, एकशेवीस डोळे आणि तोंड एकालाही नाही. घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणारी ही डोंगरातली पोरं व्हरांड्यात पाखरांगत किलबिलायची; मॅडम आत शिरल्या की चिडीचूप.

"शनिवारी मी मागच्या बाकावर बसणार," प्राचार्य यादव सर म्हणाले होते. "वर्ग बोलला नाही, तर तो तुमच्याऐवजी धनराज सरांकडे."

स्नेहलला तो वर्ग सोडायचा नव्हता. वह्यांच्या मागच्या पानांवर ही पोरं पानाफुलांची अशी चित्रं काढत, की तिचाच हात लाजावा.

तशी सरांनी प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची सोय केली होती. शहरातून आलेल्या तज्ज्ञांनी पडद्यावर चौसष्ट पानं दाखवली. एकावर होतं : एकेकाला उभं करा, शाबासकी द्या. स्नेहलने सोमवारी लगेच वैष्णवीला उभं केलं. "मूळ काय करतं गं?" वैष्णवीने पुटपुटत बरोबर उत्तर दिलं. मॅडमनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

मंगळवारी वैष्णवी आली नाही. बुधवारीही नाही.

होस्टेलवर स्वयंपाक करणाऱ्या भागीबाई स्टाफरूममध्ये चहा घेऊन आल्या, वैष्णवीचं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. त्या पेठकडच्याच.

"टाळ्या वाजवल्या व्हय? मंग पोरगी लपंल नाय तर काय!"

"का हो, मावशी?"

"सांगून नाय कळायचं. उद्या चपला काढा नि होस्टेलमागं या."

होस्टेलच्या मागे भाताचं एक चिमुकलं खाचर होतं. गुरुवारी दुपारी तिथं होस्टेलच्या तीसेक पोरापोरींची आवणी, म्हणजे रोपांची लावणी निघाली. वैष्णवीही चिखलात उभी होती, मॅडमकडे पाठ करून. गंमत बघायला आलेल्या धनराज सरांनीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिल्याच पावलाला चिखलात बसकण मारली.

"सर, खुर्ची आणू का?" ओळीतून कुणीतरी विचारलं.

भागीबाईंनी गाणं धरलं. त्या एकट्या विचारायच्या, सगळी ओळ मिळून उत्तर द्यायची. मागे सरकत, वाकून, एका तालात. स्नेहलचा हात चपळ. ती झपाझप रोपं लावत सुटली, ओळ सोडून चार हात लांब निघून गेली आणि गाणं थांबलंच.

"मॅडम, एकल्याच कुठं निघाल्या?" भागीबाई ओरडल्या. "एस्टी सुटती का?"

ओळ खदखदून हसली. तीस जणांच्या हसण्यात एकटं वेगळं उभं राहणं काय असतं, ते स्नेहलला कानशिलांपर्यंत कळलं. तिने वळून वैष्णवीकडे पाहिलं. वैष्णवी पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसत होती.

"हितं या, माझ्या शेजारी," ती म्हणाली आणि जागा करून दिली.

शनिवारी यादव सर तपासणीचा कागद घेऊन मागच्या बाकावर बसले. स्नेहलने बाकीची बाकं भिंतीला सारली, मुलांना दोन लांब ओळींत उभं केलं, स्वतः एका ओळीत शिरली आणि आवणीच्या गाण्याची चाल धरली :

"पानी पितं कोन गं, कोन?"

मग सगळी ओळ एकदम :

"मूळ पितं गं, मूळ!"

"वर नेतं कोन गं, कोन?"

"खोड नेतं गं, खोड!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. तेवढ्यात समोरच्या ओळीने डाव उलटवला. त्यांनी आपल्या बोलीत कसल्याशा रानभाजीचं नाव विचारलं. पुन्हा विचारलं. मॅडमनी हात जोडले.

"टाळ्या वाजवा रे, मॅडमला!" वैष्णवी ओरडली, आणि वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला.

यादव सरांनी कागद पुढे ओढला. 'वर्गात शांतता आहे का?' या रकान्यात त्यांनी लिहिलं : अजिबात नाही. त्याखाली : वर्ग स्नेहल मॅडमकडेच राहील.

मग जरा थांबून आणखी एक ओळ : पुढच्या प्रशिक्षणाला तज्ज्ञ म्हणून भागीबाई.