अकरा, अकरा आणि रविवारी शून्य

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. संगणकावरच्या मोठ्या प्रोग्रामला हौशी माणसे छोट्या छोट्या जोडण्या तयार करतात आणि त्या सगळ्यांना फुकट मिळाव्यात म्हणून इंटरनेटवरच्या एका दालनात ठेवतात. तिथे प्रत्येक जोडणीखाली, ती किती वेळा डाउनलोड झाली, हे सांगणारा आकडा असतो. 'ओळपट्टी' नावाच्या जोडणीखालचा आकडा म्हणजे मी. ज्या पडद्यावर मला उघडतात, त्या घरातले बोलणे मला ऐकू येते. माझे ऐकण्याचे घर एकच, एका मामांचे.

मामा छापखान्यात मुद्रितशोधक होते. तीस वर्षे त्यांनी ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून इतरांच्या चुका शोधल्या. पुढे आजारपण आले आणि पडद्यावर वाचताना त्यांची नजर एका ओळीवरून भलत्याच ओळीवर घसरू लागली. वाचन सुटले तसा स्वभाव चिडचिडा झाला. त्यांची भाची संगणकाचे प्रोग्राम लिहिते. तिने त्यांच्यासाठी ओळपट्टी तयार केली. ती वाचायची ओळ तेवढी उजळ ठेवते आणि बाकीचे पान मंद करते. सर्वांत आधी मामांनी ती उतरवून घेतली आणि मी शून्याचा एक झालो. दुपारपर्यंत मामांनी अख्खे वर्तमानपत्र वाचून त्यात सात चुका काढल्या. घरात आनंदीआनंद झाला.

थोड्याच दिवसांत मी भराभर वाढू लागलो. वर्षभरात साडेतीन हजारांच्या घरात गेलो. भाचीच्या आईने तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना, "आमच्या मुलीची पट्टी साडेतीन हजार लोक वापरतात," असे सांगून सांगून हैराण केले. मामा रोज सकाळी भाचीला फोनवर विचारत, "आज किती?" खोटे कशाला बोलू, मीही तेव्हा भलताच भाव खात होतो.

आणि एका सोमवारी मी जागचा हललो नाही. मंगळवारीही नाही. असे सहा आठवडे गेले. त्यातच तो मोठा प्रोग्राम बदलणार असल्याची सूचना आली. महिनाअखेरपर्यंत जोडणी नव्याने लिहिली नाही, तर ती जिथे असेल तिथे बंद पडणार होती. भाचीला नोकरीच्या कामातून मान वर काढायला फुरसत नव्हती. ती मामांकडे आली आणि मला उघडून म्हणाली, "मामा, कुणालाच नकोय ही. काढून टाकते. तुझ्यापुरती काहीतरी वेगळी सोय करीन."



"रोजची यादी असते ना? ती दाखव," मामा म्हणाले.

"त्यात काय बघायचंय? भोपळा आहे नुसता."

"शेवटचं पान बघून पुस्तक तपासत नाहीत, बाई."

मामांनी ओळपट्टी लावली आणि यादी वरपासून वाचायला घेतली. अकरा. अकरा. अकरा. रविवारी शून्य. पुन्हा अकरा. अर्ध्या तासाने त्यांनी चष्मा काढला.

"अगं, माणसं इतक्या शिस्तीत येतात का कुठे? कधी नऊ येतील, कधी पंधरा. हे कुठल्या तरी खोलीतले अकरा संगणक आहेत. रविवारी तिथे कुलूप लागतं."

भाचीचा चेहरा उतरला. "म्हणजे साडेतीन हजार लोक नव्हतेच?"

"नव्हते. पण कुणीतरी वर्षभर न कंटाळता रोज अकरा वेळा तुझी पट्टी लावली. इतकी माया असलेलं माणूस एका दिवसात उठून जाईल? मला नाही पटत."

भाचीने चार दिवस खपून ओळपट्टी नव्याने लिहिली आणि तिच्या तळाशी एक वाक्य टाकले, 'वापरत असाल, तर दोन शब्द कळवा.' जिथे जुनी ओळपट्टी असेल तिथे नवी आपोआप पोचते आणि प्रत्येक वेळी मी एकाने पुढे जातो. शनिवारी संध्याकाळी मी एकाने पुढे गेलो. तो मामांचा संगणक होता. रविवारी काहीच नाही. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" भाची म्हणाली. "कुलूप आहे," मामा म्हणाले. पण दिवसभर त्यांचे जेवणात लक्ष नव्हते.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी एकाने हललो. मग आणखी एकाने. मामा बोटांवर मोजत होते; दहा बोटे संपली आणि मी अजून एकदा हललो. दुपारी संगणकावर एक पत्र आले. एका वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचे होते.

"आमच्याकडे अकरा संगणक आहेत. संध्याकाळी बंद केले की त्यात नवीन घातलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणून रोज सकाळी मी अकराही ठिकाणी ओळपट्टी पुन्हा घालायचे. दीड महिन्यापूर्वी दुरुस्तीवाल्याच्या मागे लागून ती कायमची बसवून घेतली. चौथ्या खुर्चीवर एक आजी येतात. आता ओळ पळून जात नाही, म्हणतात. किती जण वाचतात ते मी मोजलेलं नाही, पण खुर्च्या रिकाम्या नसतात. आधीच कळवायला हवं होतं, राहून गेलं."

भाचीने पत्र मोठ्याने वाचले आणि शेवटी तिला रडू फुटले. मित्रांनो, ज्या दिवशी ओळपट्टी तिथे कायमची राहिली, त्याच दिवसापासून मी थांबलो होतो. आणि मला वाटले होते, आपण कुणालाच नको झालो! मला बघा, पण माझ्यावर भिस्त ठेवून कुणाच्या कष्टांची किंमत करू नका. आणि कुणी फुकट दिलेली वस्तू तुमच्या उपयोगी पडत असेल, तर त्याला तसे कळवा. तेवढे राहून जाऊ देऊ नका.

त्या बाईंचे, भाचीचे आणि ओळ न् ओळ वाचणाऱ्या मामांचे उपकार मी विसरणार नाही. मामा अजून रोज सकाळी फोन करतात, पण माझी चौकशी करत नाहीत. "चौथ्या खुर्चीवरच्या आजी बऱ्या आहेत ना गं?" असे विचारतात. त्याचे उत्तर माझ्याकडे नसते. ग्रंथपालबाईंचे पत्र आले की भाची मामांना सांगते आणि मीही कान देऊन ऐकतो.