फळ्यांचा रणगाडा

ही गोष्ट आपल्या इतिहासात घडली नाही. त्याला अगदी खेटून आणखी एक इतिहास आहे असं धरा, म्हणजे झालं.

तिथेही जर्मनीने पहिलं युद्ध गमावलं होतं आणि रणगाडे बांधायला त्यांना बंदी होती. म्हणून सैन्य लुटुपुटूच्या रणगाड्यांवर सराव करायचं. छोट्या मोटारीवर फळ्यांचा सांगाडा, त्यावर रंगवलेली ताडपत्री, आणि तोफ म्हणून शेगडीचं धुराडं. थुरिंगियातल्या एका गावात ओटिली ब्रामर नावाची सुतारीण ते बनवायची. तिचा मुलगा लोरेन्त्स सैन्यात चालक होता. आईचेच रणगाडे तो मैदानभर पळवायचा.

एके दिवशी कॅप्टन रोडे इंजिनियर वेंडलरना घेऊन आले.

"बाई, बंदी झुगारायचं ठरलंय. नमुना पूर्ण झाला असा शेरा या साहेबांनी दिला, की याच मापाचा पोलादी करायला घेऊ. आणि पहिला चालक तुमचा लोरेन्त्स."

लोरेन्त्सची छाती फुगली. ओटिलीचा रंधा मात्र फळीवर तसाच थांबला. तिचा नवरा गेल्या युद्धावर गेला, तो परतलाच नव्हता.

वेंडलरनी रणगाड्याभोवती एक चक्कर मारली आणि खिशातून पेन्सिल काढली.

"बरा झालाय," ओटिली सहज बोलल्यासारखी बोलली. "बिजागरी जरा कुरकुरते. पण चालतंय की."

"चालतंय?" वेंडलर दुखावले. "बाई, नुसतं चालतंय म्हणून आपल्याकडे कधी काही बांधलंय का?"

पेन्सिल पुन्हा खिशात गेली. ओटिलीला वाट सापडली.

बिजागरी बदलली, तेव्हा ओटिलीला तोफ आखूड वाटली. लांब धुराडं आलं, तर त्याच्या भाराने रणगाड्याने नाक खाली घातलं. मग मागे फळ्या वाढल्या, फळ्यांनी मोटार दबली, मोठी मोटार आणली, तिच्यावर रुंद सांगाडा चढला. वेंडलर दिवसेंदिवस तरुण दिसायला लागले. ओटिली त्यांना कॉफी देत राहिली.

"आई, हा हलवायला आता अख्खी पलटण लागते," लोरेन्त्स वैतागला.

"मग ढकल. धड हातपाय आहेत तोवर ढकलून घ्यावं."

शेवटी कॅप्टनचा धीर सुटला. "आज शेरा हवा. काढा मैदानात."

रणगाडा सुतारखान्याच्या दारापर्यंत आला आणि अडकला. दार वीतभर अरुंद होतं.

"भिंत पाडा," कॅप्टन म्हणाले.

आता ओटिलीला काही सुचेना. वेंडलर भिंतीकडे टक लावून उभे होते.

"भिंत पाडायची, पण पाडणार कोण?" ते हळूच म्हणाले. "खरं तर रणगाड्यानंच पाडायला हवी. म्हणजे पुढे फाळ पाहिजे. फाळाशिवाय याला पूर्ण कसं म्हणू?"

"पण साहेब, फाळ लावला तर हा आणखी रुंद..."

ओटिलीने लोरेन्त्सच्या पायावर पाय दिला. त्याने आईकडे पाहिलं, मग वेंडलरांच्या डोळ्यांतल्या चमकेकडे. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"फाळ ओकच्या लाकडाचाच हवा, साहेब," तो गंभीरपणे म्हणाला.

"हो, पण ओक वाळायला फार वेळ घेतो," ओटिली म्हणाली. "ओला लावला तर फुगेल."

कॅप्टन बराच वेळ मिशी ओढत राहिले. शेवटी तेही जर्मनच.

"मग नीट वाळू द्या," ते म्हणाले. "घाईनं काम बिघडतं."

ओटिलीने आलुबुखारचा केक कापला. सर्वांत मोठा तुकडा वेंडलरना दिला. लोरेन्त्स आपला तुकडा घेऊन रणगाड्यात शिरला आणि खाऊन झाल्यावर तिथेच पाय पसरून झोपला.