कुंपणापासून नऊ इंच

मी गाडी उभी करायची एक जुनी शेड आहे. चार लोखंडी खांब आणि वर पत्रा, एवढाच माझा संसार. मित्रांनो, अकरा वर्षं मला वाटायचं, माझ्यासारखी गुणाची शेड अख्ख्या गल्लीत नाही.

माझे मालक शाळेच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, पाय पक्षाघाताने गेले. एकदा भर पावसात त्यांना गाडीतून चाकाच्या खुर्चीत बसवताना बहीणभाऊ दोघंही चिंब झाले. त्याच आठवड्यात मालकांनी वेल्डरला बोलावलं आणि त्याने मला उभं केलं. परवानगी लागते, हे दोघांच्याही गावी नव्हतं. त्यानंतर ताई कधी भिजल्या नाहीत. लोक कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे.

यंदा वाऱ्याने पाऊस आत यायला लागला. माझी एक बाजू पत्र्याने बंद करावी म्हणून मालक बांधकाम कार्यालयात रीतसर अर्ज देऊन आले. दोन दिवसांनी तिथले मोजणीदार फीत घेऊन हजर झाले. माझे खांब कुंपणापासून नऊ इंचांवर निघाले. नियम तीन फुटांचा. पत्र्याचा उतारही शेजारच्या बाजूला. नवी बाजू बंद करणं दूरच, आहे तीच शेड हलवावी लागेल, असं ते म्हणाले.

मालकांचा चेहरा उतरला. तक्रार कोणी केली, असं त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही. अर्ज तुमचाच आहे."

कुंपणाला लागूनच शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं घर होतं. माझ्या समोरची त्यांची खिडकी कायम बंद असायची. वहिनी जरा शिष्ट आहेत, असं मी धरून चालले होते. मोजणीदारांनी ती उघडायला लावली, आणि मी हादरले. आतली भिंत छतापर्यंत काळी पडली होती. पोपडे सुटले होते. कापडाचे गठ्ठे पलंगावर रचलेले, शिलाई मशीन दारात ओढलेलं. ते सगळं माझं पाणी होतं. अकरा पावसाळे मी ते तिथे ओतत होते.

मालक खिडकीपाशी आले. म्हणाले, "वहिनी, एका शब्दाने बोलायचं होतं."

"ताईंना भिजताना बघितलं होतं मी, भाऊ. कसं बोलणार?"

ताईंनी आपली खुर्ची वहिनींच्या दारापर्यंत न्यायला लावली. आत जाऊन त्या ओल्या भिंतीवर हात ठेवून बसल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "उद्याच वेल्डरला बोलाव."

ज्याने मला घडवलं, त्यानेच मला कापलं. माझे खांब आत सरकले, उतार मालकांच्या अंगणात वळला. मी आता इतकी अरुंद आहे की गाडीची एक बाजू उघड्यावर राहते. ताई गाडीच्या ज्या दाराने उतरतात, ती बाजू मात्र कोरडी असते. वहिनींची भिंत अजून वाळते आहे.

मित्रांनो, नियम काय आहे, ते खड्डे खणण्याआधी विचारा. आणि आपल्या छपराचं पाणी कुठे पडतं, ते एकदा पलीकडे जाऊन बघा. पलीकडचं माणूस सांगेलच, असं नाही.