बोलक्या दगडांच्या राज्यातली नावाडीण

दंतवैद्याच्या दवाखान्याला सुट्टी असली की बाहेरच्या खोलीतलं टेबल खेळासाठी मोकळं व्हायचं. खेळ जुनाच. एकाने एक जग रचून सांगायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक पात्र होऊन वागायचं आणि अडलं की फासे टाकायचे. हे जग ताईने रचलेलं. ताई गेली आणि सांगायची खुर्ची तिच्या मुलाकडे आली. त्याची मावशी मात्र त्याच टेबलाशी बसून अजून तीच नावाडीण खेळत होती, आणि हल्ली खेळता खेळता तिचं डोकं फिरायचं.

ताईच्या जगातही जादू होती. पण जादूगाराने एक दिवा पेटवला तरी त्याला ताप भरायचा. म्हणून गावात तेलाचे दिवे असायचे, तेल विकणारा असायचा आणि त्याची मापावरून भांडणंही असायची. "असं का?" म्हणून कुणी विचारलं तर ताई उत्तर सापडेपर्यंत खेळ पुढे नेत नसे. कधी अख्खी दुपार त्यातच जायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

भाच्याने त्या जगाची पार वाट लावली. हवेत तरंगणारी जहाजं आली, गल्लोगल्ली न विझणारे दिवे लागले. मागच्या खेपेला तर त्याने गावोगाव बोलके दगड वाटले. इथल्या दगडाशी बोललं की तिथल्या दगडातून ऐकू येतं. एवढं होऊनही बायका विहिरीवर पाणी ओढतच होत्या.

आज त्याने घसा साफ केला. "किल्ल्याला वेढा पडलाय. सेनापतीचा निरोप घेऊन तुम्हाला राजधानी गाठायचीय. वाटेत जंगल, लुटारू, दलदल."

"कशाला?" मावशीने विचारलं.

"कशाला म्हणजे? मदत मागवायला."

"किल्ल्यात बोलका दगड नाही?"

भाचा आपली टिपणं चाळू लागला. दंतवैद्य खेळात तलवारबाज असे; त्याने मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"तूच दिलायस," मावशी म्हणाली. "मागच्या खेपेला सेनापतीची बायको त्यावरून माहेरी बोलत होती. सासूच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगून झालं तिचं. आणि आता आम्ही दलदल तुडवायची?"

"मावशी, जादू आहे ती. जादूत कुठे तर्क शोधतेस?"

"जादूत नाही, माणसांत शोधतेय. हाताशी दगड असताना चिठ्ठी घेऊन पळतो तो शूर नसतो रे, बावळट असतो. तुझ्या राज्यात सगळेच बावळट. सेनापतीपासून घोड्यापर्यंत."

"घोड्याने काय केलं?" दंतवैद्य म्हणाला.

"डोक्यावरून जहाजं उडतायत आणि हा गाड्या ओढतोय. तुम्ही टोक काढा."

मावशीने आपले फासे पिशवीत टाकले. "माझ्या नावाडिणीला इथे काम उरलं नाही. नदी ओलांडायला तिला आता कोण विचारणार? तिला मारून टाक. मी निघते."

ती नावाडीण ताईने घडवली होती, मावशीचा नवरा गेला त्या वर्षी, बहिणीने घराबाहेर पडावं म्हणून. इथून उठलं की ताईशी चाललेलं बोलणं तुटणार, हे मावशीला कळत होतं. पण बावळटांच्या राज्यात बसून ते चालवणं तिला त्याहून जड जात होतं. ती उठली.

"दगड नदीपलीकडे बोलत नाहीत," भाचा घाईने म्हणाला.

"का?"

"वाहतं पाणी जादू ओढून नेतं. जहाजंही नदीवरून जात नाहीत."

"हे तुला आत्ता सुचलं."

"हो."

"निदान कबूल तरी केलंस." मावशी उभीच होती. "मग पावसात तुझे दिवे का विझत नाहीत? पागोळ्यांचं पाणी वाहत नाही?"

भाच्याने दोन्ही हात केसांत घातले. "विझतात," शेवटी तो म्हणाला. "विझायलाच हवेत. दगडही मुके होत असणार."

"म्हणजे शत्रू पावसाची वाट बघत बसला असेल," दंतवैद्य म्हणाला.

"चला, या राज्यात एकाला तरी अक्कल आहे," मावशी म्हणाली. "शत्रूला." आणि ती खुर्चीच्या कडेला टेकली. "किल्ला नदीच्या कुठल्या अंगाला आहे?"

भाच्याने ते ठरवलंच नव्हतं. त्याने कोरा कागद पुढे ओढला. "अलीकडे काढू की पलीकडे?"

"मला काय विचारतोस? आतली माणसं पाणी कुठलं पितात ते आधी बघ आणि मग काढ."