काट्याखालचं शिसं

वजनकाटे दुरुस्त करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. किराणावाले, भंगारवाले, सोनार, सगळ्यांचे काटे माझ्या हाताखालून गेलेत. कोण कुठे लबाडी करतो हे काटा उलटा केल्याबरोबर मला कळतं. बहुतेकांची युक्ती एकच, फळीच्या खाली शिशाचा तुकडा बसवायचा. असा तुकडा सापडला की मी तो मालकासमोर टेबलावर आपटतो आणि चारचौघांत त्याची अब्रू काढतो. त्यामुळे माझी गिऱ्हाइकं कमी झाली, पण माझ्या काट्यावर कोणी शंका घेत नाही. बायको तर नाहीच नाही.

ती शाळेत गणित शिकवते. मुलं तिला बाई म्हणतात, म्हणून चिडवायला मीही बाईच म्हणतो. गेल्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमोचे आठ डोस झाले, रेडिएशन झालं. केस गेले तेव्हा "आता झाली तुमच्याशी बरोबरी" म्हणत तिने माझ्या टकलावर टिचकी मारली होती. रडली ती एकदाच, भुवया गेल्या त्या दिवशी. मी मात्र मोरीत नळ सोडून कितीदा रडलो त्याचा हिशोब नाही.

उपचार संपले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता तीन महिन्यांनी स्कॅन. तोवर नीट जेवायचं आणि दर आठवड्याला वजन बघायचं. उगाचच घटायला लागलं तर फोन करायचा. वाट बघत बसायचं नाही."

बंद पडलेल्या एका दवाखान्यातून घेतलेला उभा काटा माझ्याकडे पडून होता. तो मी साफ करून झोपायच्या खोलीत लावून दिला. बाई दर रविवारी आंघोळ झाली की त्यावर उभी राहायची, दांडीवरचं सरकतं वजन स्वतःच सरकवायची आणि वर्गात उत्तर सांगावं तसा आकडा खणखणीत सांगायची. चार रविवार चौपन्न किलो. पाचव्या रविवारी त्रेपन्न.

त्या दिवशी तिने आकडा सांगितलाच नाही. खाली उतरली, पलंगाच्या कडेला बसली आणि संध्याकाळपर्यंत ना जेवली ना बोलली. एका किलोचं काय घेऊन बसलीस म्हणून मी तिच्यावर डाफरलो. खरं तर माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं. सोमवारी ती शाळेत गेल्यावर मी काटा आडवा पाडला आणि फळीच्या खाली एक किलो शिसं स्क्रूने पक्कं बसवलं. ती घरी आली तेव्हा म्हणालो, "दांडीच्या सांध्यात गंज होता. काल चुकीचं दाखवलं. आता बघ."

चप्पल काढून ती उभी राहिली. चौपन्न.

"तुमच्या काट्याला गंज? नाक कापलंत की हो," ती म्हणाली आणि हसली. जेवताना तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. कितीतरी दिवसांनी घेतलं.

फोन मी केला नाही. गेला असेल एक किलो, येईल परत, असं स्वतःला बजावलं. आला नाही. मग दर रविवारच्या आत अंदाजाने आणखी पाव-अर्धा किलो शिसं चढवत गेलो. स्कॅनच्या दिवसापर्यंत काट्याखाली साडेतीन किलो झालं होतं.

रिपोर्ट ऐकायला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेरच्या वजनकाट्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला होता. सिस्टरनी विचारलं, "घरी केलंय का वजन?"

"चौपन्न," बाई म्हणाली. "आमचे हे काटेवालेच आहेत."

"मग तुमच्याइतकं अचूक कोणाचं असणार," म्हणत सिस्टरनी फाइलमध्ये लिहून टाकलं.

आत डॉक्टरबाईंनी स्कॅन दाखवला. "लिव्हरवर एक डाग दिसतोय. सव्वा सेंटीमीटरचा. साधासुधाही असेल, नसेलही. आत्ता छातीठोक काही सांगता येत नाही." मग त्यांनी फाइल पाहिली. "वजन जसंच्या तसं आहे, रक्तही बरं आहे. मग घाई नको. सुई घालून तुकडा काढायचा तर त्यातही धोका असतो. दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू."

बाईचा जीव भांड्यात पडला. तिने माझा हात धरला. हाताची नुसती हाडं लागत होती. मी गप्प राहिलो असतो तर तिला दोन महिने सुखाचे मिळाले असते. हा विचार माझ्या मनात आला, आणि क्षणभर नाही, चांगला घोळला.

"चौपन्न नाहीये," मी म्हणालो. "साडेपन्नास आहे. काट्याखाली मी शिसं लावलंय."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस झाले?"

"सात आठवडे."

"मी फोन करायला सांगितलं होतं."

"हो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त बाईकडे वळून म्हणाल्या, "उद्या सकाळी तुकडा काढू. आता बाहेर सिस्टरकडे खरं वजन करून घ्या."

बाहेर भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. सिस्टर मुलांच्या वॉर्डातला काटा आणायला गेल्या. बाई समोरच्या दाराकडे बघत बोलायला लागली. आवाज चढला नव्हता, फळ्यावर गणित सोडवताना असतो तसाच होता.

"कपडे सैल होत होते माझे. जिना चढताना दम लागत होता. वाटायचं, आलं परत. मग रविवारी काट्यावर उभी राहायचे आणि स्वतःलाच झापायचे, की तूच भित्री आहेस, काटा काय खोटं बोलणारे?"

"तुला घाबरवायचं नव्हतं गं मला."

"घाबरलेलीच होते मी. माझ्यासोबत तुम्ही घाबरला असतात, एवढंच झालं असतं. मी एकटीच घाबरत राहिले."

वाटलं, हिच्या पायाशी बसून भोकाड पसरावं, पण तेवढाही हक्क उरला नव्हता.

सिस्टर काटा ढकलत घेऊन आल्या. बाई त्यावर उभी राहिली. तिने सरकत्या वजनाला हात लावला नाही, तेव्हा सिस्टरनीच ते सरकवलं. दांडी स्थिर झाली.

"एकोणपन्नास आठशे," सिस्टर म्हणाल्या आणि चपापल्या. त्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. "काका, हा काटा जरा जुना आहे. तुम्ही बघता का, बरोबर दाखवतोय ना?"

मी वाकलो. दांडी पाहिली, सांधे पाहिले, फळीखाली हात घालून पाहिला. काट्यात काही दोष नव्हता. गेल्या आठवड्यात आणखी सातशे ग्रॅम गेलं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

बाई काट्यावरून उतरली नाही.

"सिस्टर," ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाला तरी विचारा."